ब्लॉगच्या भेटींच्या आकड्यांतून वाचकांबद्दल नेमके काय कळते?

प्रश्नकर्त्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. ते चार वर्षांपासून वैयक्तिक ब्लॉग लिहितात; विषय वाचलेली पुस्तके, काही आठवणी आणि अधूनमधून जुन्या वस्तूंची दुरुस्ती. महिन्याला साधारण २,४०० व्ह्यूज दिसतात. बाउन्स रेट (ब्लॉगवर फारसे न थांबता परतलेल्या भेटींचे प्रमाण) ८० टक्क्यांच्या वर आहे आणि पानावरचा सरासरी वेळ पाऊण मिनिटाच्या आत आहे. एकूण व्ह्यूजपैकी जवळजवळ एक तृतीयांश व्ह्यूज शिवणयंत्राच्या दोऱ्याचा ताण कसा जुळवावा, या एकट्या लेखाचे आहेत. नवा लेख टाकला की पहिल्या दोन दिवसांत चाळीसच्या आसपास भेटी होतात आणि प्रतिक्रिया वर्षभरात पाच-सहा येतात. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे वाचक कोण आहेत, आणि ते खरोखर वाचतात का.

लहान-मोठ्या संकेतस्थळांचे लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावर आधी निष्कर्ष सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतून अर्धेमुर्धे मिळते. पहिल्याचे त्याहूनही कमी मिळते, आणि आपण मनातल्या मनात ज्यांना ‘माझे वाचक’ म्हणतो ती मंडळी या आकड्यांत सर्वांत पुसट दिसतात. तरीही आकडे टाकाऊ नाहीत. फक्त कोणता आकडा कशापासून तयार होतो हे ठाऊक असले पाहिजे.

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. पहिली सर्व्हरच्या लॉगची. कोणी पान मागितले की सर्व्हर एक ओळ लिहितो: मागणी कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आली, किती वाजता, कोणते पान हवे होते, ते मिळाले का (मिळाले तर २००, नसेलच तर ४०४), किती बाइट पाठवले, आधी कोणत्या दुव्यावरून आले आणि ब्राउझरने स्वतःची ओळख काय सांगितली. देवनागरी शीर्षकाचा पत्ता असेल तर त्या ओळीत प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांची मालिका उमटते आणि चार शब्दांचे शीर्षक ओळभर पसरते. सवय होईपर्यंत डोळ्यांना त्रास होतो. या ओळीत माणूस कुठेही नोंदलेला नसतो, नोंद असते ती मागणीची. एकेकाळी संकेतस्थळांवर ‘हिट्स’चे मोठमोठे आकडे मिरवले जात, त्यामागचे गुपित हेच होते: पानावर अकरा चित्रे आणि एक शैलीची (पानाचे रूप ठरवणारी) फाइल असेल, तर एकाच माणसाच्या एकाच भेटीत तेरा हिट्स होत.

दुसरी पद्धत पानात बसवलेल्या छोट्या स्क्रिप्टची. पान ब्राउझरमध्ये उघडले की ती स्क्रिप्ट मोजणाऱ्या सेवेला कळवते. गूगल ॲनालिटिक्स ही यातली सर्वांत परिचित सेवा. गूगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ही सेवा सुरू केली. वाचक कुठून आला ते कळावे म्हणून दुव्यांच्या शेपटाला आज जे ‘यूटीएम’ लावतात, त्यातला ‘यू’ त्या अर्चिनचाच आहे. स्क्रिप्ट न चालवणारे साधे बॉट (आपोआप पाने मागणारे प्रोग्रॅम) या मोजणीतून आपोआप गळतात, पण जाहिराती अडवणारी साधने वापरणारे खरे वाचकही त्यांच्याबरोबर गळतात. म्हणून लॉगचा आकडा फुगलेला असतो आणि स्क्रिप्टचा आकसलेला. दोन्हींचा मेळ बसवण्यात पूर्वी मी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या. तो बसत नाही. प्रत्येक आकड्याची तुलना त्याच पद्धतीच्या मागच्या आकड्याशीच करावी.

बॉटचा विचार आधी करावा लागतो, कारण लहान ब्लॉगवर त्यांचा वाटा मोठा असतो. शोधयंत्रांचे क्रॉलर (पाने गोळा करत फिरणारे बॉट), दुव्यांचे सर्वेक्षण करणाऱ्या सेवांचे क्रॉलर, फीड (नव्या लेखांची आपोआप पोहोचणारी यादी) आणणारे प्रोग्रॅम आणि २०२३ पासून उघडपणे नाव सांगून येणारे भाषा-मॉडेलांसाठीचे जीपीटीबॉटसारखे क्रॉलर हे सगळे ब्लॉगवर येत-जात असतात. सभ्य बॉट आपले नाव सांगतो आणि आधी रोबॉट्स फाइल, म्हणजे बॉटने काय पाहावे आणि काय नाही याची संकेतस्थळाची सूचना, वाचतो. ही प्रथा १९९४ ची, तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले २०२२ मध्ये. असभ्य बॉट मात्र आपण साधा क्रोम ब्राउझर असल्याचे सांगतो. त्याला ओळखायची खूण वागण्यात असते: तीन सेकंदांत चौदा पाने मागितली, पण चित्र एकही मागितले नाही आणि शैलीची फाइलही नाही, तर समोर माणूस नाही. प्लॅटफॉर्मच्या अंगच्या मोजणीयंत्रात ही चाळण कितपत बारीक आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून एखाद्या अनपेक्षित देशातून एकाएकी शंभर भेटी दिसल्या, तर तिथे आपला चाहतावर्ग निर्माण झाला असे समजण्याआधी बॉट जिथून चालतात अशी मोठी डेटा सेंटर्स तिथे आहेत का, याचा विचार करावा. २०१४-१५ च्या सुमारास तर स्पॅम करणारे लोक संकेतस्थळावर पाऊलही न टाकता थेट ॲनालिटिक्सच्या हिशेबात खोट्या भेटी घुसवत. आणि एक घरचा बॉट विसरू नये, तो म्हणजे स्वतः लेखक. लेख टाकल्यावर शुद्धलेखनाच्या चुका काढताना माणूस तेच पान वीस-वीस वेळा उघडतो. आपल्या भेटी वगळण्याची सोय बहुतेक सेवांत असते, पण ती त्या-त्या ब्राउझरपुरती असते. फोनवरून पाहिले की पुन्हा मोजणी सुरू.

आता ‘युनिक व्हिजिटर’ या शब्दाकडे येतो, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच्याभोवती आहेत. ही ओळख बहुधा कुकीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवर, बेतलेली असते. एकच वाचक सकाळी फोनवर, दुपारी कार्यालयातल्या संगणकावर आणि रात्री घरच्या टॅबवर आला, तर तो तीन जणांत मोजला जातो. सफारी ब्राउझर २०१९ पासून स्क्रिप्टने ठेवलेली कुकी जास्तीत जास्त सात दिवसच टिकू देतो. म्हणजे दर पंधरवड्याने न चुकता येणारा सफारीवरचा वाचक प्रत्येक वेळी ‘नवा’ ठरतो. आयपी पत्त्यावरून मोजावे, तर मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात आणि तिथे अनेकांचा एक होतो. त्यामुळे ‘परत येणारे वाचक’ हा आकडा जवळपास नेहमीच खऱ्यापेक्षा कमी असतो, आणि तुमच्यासाठी मोलाचा आकडा नेमका तोच असतो.

बाउन्स रेट आणि सरासरी वेळ पाहून प्रश्नकर्ते खट्टू झालेले दिसतात. ते होण्याचे कारण नाही. जुने ॲनालिटिक्स, ज्याने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणे थांबवले, ते पानावरचा वेळ मोजताना एका पानाच्या आणि पुढच्या पानाच्या उघडण्यातले अंतर धरत असे. शेवटच्या पानापुढे दुसरे पान नसल्यामुळे त्याचा वेळ शून्य. एखाद्याने तुमचा दीर्घ लेख बारा मिनिटे मन लावून वाचला आणि समाधानाने ब्राउझर बंद केला, तर हिशेबात तो शून्य सेकंदांचा बाउन्स होता. नव्या आवृत्तीत भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, दोन पाने उघडली किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, तर ती भेट ‘गुंतलेली’ मानतात आणि उरलेल्या भेटी म्हणजे बाउन्स. शब्द तोच राहिला, पण अर्थ बदलला. म्हणून तुमचे ८० टक्के कोणत्या सेवेचे आहेत हे पाहिल्याशिवाय त्यावर मत देता येत नाही. त्यातच अर्धा तास हालचाल झाली नाही की भेट संपली असे धरतात. वाचता वाचता कोणी जेवायला उठून परत आले, तर एकाच वाचनाच्या दोन भेटी होतात.

सरासरी वेळाबद्दल एक छोटे गणित मांडतो. समजा शंभर जण आले. नव्वद जणांना हवे ते दिसले नाही म्हणून ते पाच सेकंदांत परतले आणि दहा जणांनी लेख साडेसहा मिनिटे वाचला. नव्वद गुणिले पाच म्हणजे ४५० सेकंद, दहा गुणिले ३९० म्हणजे ३,९०० सेकंद; एकूण ४,३५० सेकंद आणि सरासरी साडेत्रेचाळीस. तुमचा ‘पाऊण मिनिटाच्या आत’ हा आकडा असा तयार झालेला असू शकतो, आणि या शंभरांत त्रेचाळीस सेकंद थांबलेला माणूस एकही नाही. म्हणून सेवा परवानगी देत असेल, तर सरासरीऐवजी वेळेचे गट पाहावेत: दहा सेकंदांखालचे किती, तीन मिनिटांवरचे किती. पान किती खालपर्यंत सरकवले हाही आकडा मिळतो, पण नव्या ॲनालिटिक्समध्ये तो मुळात पानाच्या ९० टक्के उंचीवर नोंदला जातो. लेखाखाली लांबलचक प्रतिक्रिया आणि जुन्या लेखांची यादी असेल, तर लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूसही ९० टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही.

वाचक कुठून आले, या माहितीचीही गेल्या काही वर्षांत बरीच झीज झाली आहे. ब्राउझर मागणीबरोबर आधीच्या पानाचा पत्ता ‘रेफरर’ नावाच्या नोंदीत पाठवतो; त्या नावाचे इंग्रजी स्पेलिंगच मुळात चुकलेले आहे. १९९६ च्या मानकात एक ‘आर’ गळला तो आजतागायत तसाच आहे. क्रोमने २०२० पासून दुसऱ्या संकेतस्थळाला पूर्ण पत्ता न देता फक्त डोमेनचे नाव द्यायला सुरुवात केली. त्यामुळे अमुक संकेतस्थळावरून कोणी आले एवढे कळते, तिथल्या कोणत्या चर्चेतून आले ते कळत नाही. ‘डायरेक्ट’ या रकान्याचा अर्थ पत्ता टाइप करून आलेले निष्ठावंत असा बरेच जण घेतात. खरे तर तो ‘माहीत नाही’चा रकाना आहे: ईमेलमधला दुवा, बुकमार्क, निरोपांच्या ॲपमधून उघडलेला लेख हे सगळे त्यात जाऊन पडते.

त्यातही लॉग हाताशी असेल तर थोडी वाट दिसते. व्हॉट्सॲपमध्ये दुवा चिकटवला की त्याचे छोटे पूर्वदर्शन दाखवण्यासाठी एक मागणी सर्व्हरकडे येते आणि ती स्वतःचे नाव व्हॉट्सॲप असे सांगते. स्क्रिप्टला हे कळत नाही, लॉगला कळते. मी एका रात्री पाहिलेला क्रम असा होता: ९ वाजून ४० मिनिटांनी एका तीन वर्षे जुन्या लेखासाठी पूर्वदर्शनाची मागणी, आणि ९:४२ ते ९:५५ या वेळात त्याच लेखावर अकरा भेटी, सगळ्या वेगवेगळ्या फोनवरून आणि एकीचाही उगम ठाऊक नाही. कोणी तरी तो लेख एखाद्या गटात पाठवला होता, यात शंका नाही. कोणी, कोणत्या गटात, कौतुकाने की टिंगल करायला, हे आजही मला माहीत नाही.

सर्वांत बोलका भाग शोधशब्दांचा आहे, आणि तुमच्या शिवणयंत्राच्या लेखाचे कोडे तिथेच सुटेल. पूर्वी शोधयंत्रावरून येणारा माणूस काय शोधत होता ते थेट लॉगमध्ये दिसे. गूगलने ऑक्टोबर २०११ मध्ये खात्यात प्रवेश केलेल्या वापरकर्त्यांसाठी ते झाकायला सुरुवात केली आणि पुढे सर्वांसाठीच झाकले. आता ते सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळमालकांसाठीच्या सेवेत पाहावे लागते. तिथे सोळा महिन्यांची माहिती मिळते: कोणत्या शोधावर तुमचे पान किती वेळा दिसले, किती वेळा क्लिक झाले, सरासरी कितव्या क्रमांकावर होते. फार थोड्यांनी विचारलेले शोध तिथे गोपनीयतेसाठी दाखवत नाहीत, त्यामुळे यादीतल्या क्लिकची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी भरते. त्यात चूक शोधत बसू नये.

या यादीत लोक ‘दोऱ्याचा ताण’ असे शब्द क्वचितच लिहितात. ज्याला तो शब्द ठाऊक आहे त्याला उत्तरही बहुधा ठाऊक असते. लोक लिहितात ते लक्षण: खालच्या बाजूला दोऱ्याचा गुच्छा होतो, बॉबिनचा दोरा गुंततो, टीप सैल येते. आता खाली गुंता होण्याचे कारण बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते, तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. पण शोधणारा खालच्या बॉबिनलाच दोष देत असतो. म्हणजे शोधशब्दांनी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या: वाचकाची अडचण, आणि त्या अडचणीबद्दलची त्याची चुकीची समजूत. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ‘खाली गुंता होतो, पण दोष वर असतो’ एवढे एक वाक्य घातले, तर पाच सेकंदांत परतणाऱ्यांपैकी कित्येक जण थांबतील. त्याचबरोबर हेही मान्य करावे की हा माणूस तुमच्या आठवणी वाचायला आलेला नाही. त्याचे यंत्र अडले आहे. उत्तर मिळाले की तो जाणार, आणि तसे त्याने जाणे हे त्या लेखाचे यशच आहे. तुमच्या बाउन्स रेटचा मोठा भाग याच गर्दीने बनलेला असणार. शिवणयंत्राचा लेख वगळून उरलेल्या ब्लॉगचे आकडे वेगळे काढा, चित्र एकदम बदलेल.

शोधशब्द इतके बोलके असतात, म्हणून त्यांच्याबाबत एक सावधगिरीही लागते. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे दोन कोटींच्या आसपास शोध नावांऐवजी क्रमांक घालून जाहीर केले, आणि काही दिवसांतच पत्रकारांनी निव्वळ त्या शोधांवरून एका स्त्रीचा माग काढला. आपल्याकडे इतकी माहिती नसते. तरी अमुक गावातून अमुक वेळी आलेला तो आपला जुना मित्रच असणार, असे तर्क लढवण्याचा मोह ब्लॉगलेखकांना होतो. गावाच्या नावावर तर अजिबात विसंबू नये. ते आयपी पत्त्यावरून ताडलेले असते. देश बहुधा बरोबर असतो; शहर म्हणून पुष्कळदा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या केंद्राचे ठिकाण दिसते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराच्या मालकांना वर्षानुवर्षे पोलीस आणि तक्रारदारांचा त्रास झाला. कारण एवढेच की ‘अमेरिकेत, पण नेमके कुठे ते माहीत नाही’ अशा कोट्यवधी आयपी पत्त्यांसाठी एका माहितीकोशाने देशाच्या मध्याजवळचा जो बिंदू निवडला होता, तो त्या शेतात पडत होता. हा प्रकार २०१६ मध्ये उघडकीला आला.

लहान आकड्यांचा चढउतार हा आणखी एक सापळा. एका आठवड्यात चाळीस भेटी झाल्या आणि पुढच्या आठवड्यात बावन्न, तर तीस टक्के वाढ झाली म्हणून लिखाणाची दिशा बदलू नये. ढोबळ नियम असा: संख्येचे वर्गमूळ घ्या आणि त्याची दुप्पट करा. चाळीसचे वर्गमूळ सहाच्या थोडे वर, दुप्पट साधारण बारा. म्हणजे अठ्ठावीस ते बावन्न हा सगळा पट्टा निव्वळ योगायोगाचा असू शकतो.

मग नेहमीचे वाचक कुठे शोधायचे? माझ्या मते तुमच्या प्रश्नात खरा उपयोगी आकडा एकच आहे आणि तो तुम्ही ओझरता सांगितला आहे: नव्या लेखाला पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या चाळीस भेटी. लेख नवा असताना शोधयंत्रावरून फारसे कोणी येत नाही. जे येतात ते वाट पाहणारे, नाही तर तुमच्याच एखाद्या निरोपावरून आलेले. त्यातून शोधयंत्रावरून आलेले वगळा, स्वतःला वगळा, बॉट वगळा; आणि फीडवरून वाचणारे मिळवा, कारण ते ब्लॉगवर न येताच वाचतात. फीड वाचण्याची गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाल्यापासून फीडची चर्चा कमी झाली, तरी फीड आणणाऱ्या काही सेवा लॉगमधल्या आपल्या ओळखीतच किती सदस्यांसाठी आणतो आहोत तो आकडा लिहितात. ही बेरीज-वजाबाकी सलग पाच-सहा लेखांना करून मधला आकडा घ्या. तो वीस ते पन्नासच्या दरम्यान येईल असा माझा अंदाज आहे. इतक्या वाचकांत वर्षाला पाच-सहा प्रतिक्रिया कमी नाहीत. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ प्रमाणात शंभरातले नव्वद जण नुसते वाचणारेच असतात.

दुसरी खूण एकेका भेटीच्या लांबीत सापडते, आणि ती आलेखात कधीच दिसत नाही. एका ब्लॉगच्या लॉगमध्ये मी पाहिले होते: ९ वाजून १४ मिनिटांनी कोणी तरी शोधयंत्रावरून दुरुस्तीच्याच एका लेखावर आले. पाच मिनिटांनी त्यांनी लेखकाची ओळख असलेले पान उघडले. मग सर्वांत जुन्या महिन्याचे संग्रहपान, आणि तिथून क्रमाने सात लेख, मधले अंतर कुठे आठ मिनिटांचे, कुठे चौदा. शेवटची मागणी पावणेअकराची. त्या दिवसाचा एकूण आकडा महिन्यातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी होता, आणि तो पाहून लेखकाने मला ब्लॉग बंद करावा का, असे विचारले होते. मी त्यांना त्या दहा ओळी कापून पाठवल्या.